दोन पूर्णांक चार

डेस्मंड क्विल्टी दुकानात येतो तो पाय न पुसताच.
"भरवशाचा दे," म्हणतो, "एकच. मी मरेपर्यंत टिकेल असा."
भिंतीवर अकरा ट्रिमर टांगलेत माना खाली घालून,
वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे.

किती गवत, मी विचारते.
तो हात पसरतो: कुंपणापासून पार नदीपर्यंत.
ह्युऑनकडे जाणारा तो उतार मला ठाऊक आहे.
नोव्हेंबरात गवत कमरेला लागतं,
त्यात कॉपरहेड ऊन खात पडलेला असतो
आणि नगरपालिकेची चिठ्ठी येते:
वणव्याचे दिवस यायच्या आत काढा.

पेट्रोलचा घेतलास तर ताकद आहे, पण दर खेपेला मनधरणी.
चोक अर्धा, दोरी तीनदा ओढायची, शिव्या वेगळ्या.
हिवाळाभर टाकीत जुनं पेट्रोल राहिलं
तर वसंतात तो ओळखसुद्धा दाखवणार नाही.

बॅटरीचा गुणी. बटण दाबलं की हजर.
पण चाळीस मिनिटांनी, अर्ध्या उतारावर,
काही न सांगता गप्प होतो
माझ्या पहिल्या नवऱ्यासारखा.

डेस्मंड हसत नाही.
माझा पहिला नवरा त्याचा सख्खा भाऊ.

वायरवाल्याचं नावच काढू नकोस.
बरं, हा धर. दुकानात सगळेच हलके वाटतात,
हात लांब कर आणि वीसपर्यंत मोज.
बाराला त्याचा डावा खांदा थरथरू लागतो,
सफरचंदांच्या शिड्यांवर झिजलेला खांदा.
तो मोठ्यानं वीसपर्यंत मोजतो.
मी कॅलेंडर बघते.

दोरी दोन पूर्णांक चार मिलिमीटर.
त्याहून जाड घेतलीस तर मोटर दमते,
बारीक घेतलीस तर पहिल्याच खांबाशी तुटते.
आणि डोकं असं बघ
की दोरी भरताना स्प्रिंग उडून कपाटाखाली जाणार नाही.

"हे झालं. पण भरवसा?"

भरवशाचं सांगते.
फर्गस झाला तेव्हा मी मेपल लावला होता, आठवतो?
वॉलबींनी खाऊ नये म्हणून जाळी, थंडीत पोती.
चौथ्या वर्षी जाळी काढली.
माझ्याकडे तेव्हा दुकानातला सगळ्यात भरवशाचा ट्रिमर होता.
एकदाही अडला नाही.
बुंध्याभोवती गवताचं कडं राहायचं,
ते मी दर शनिवारी साफ करायची.
दोरी सालीला नुसती चाटून जायची.
नुसती.

जानेवारीत, ऐन उन्हाळ्यात, झाड लाल झालं.
लोक गाड्या थांबवून फोटो काढायचे.
काय रंग, म्हणायचे,
बाकीच्यांना एप्रिल उजाडावा लागतो!
मी गुडघ्यांवर बसून बुंधा पाहिला.
बोटभर रुंद पांढरी रेघ,
पूर्ण फिरून स्वतःला येऊन मिळालेली.

फर्गसला मी सांगितलं, पाऊस कमी पडला.
तुलाही तेच सांगितलं होतं.
तू नदीवरून बादल्या वाहिल्यास, दोन आठवडे.
आता तो एकतीसचा आहे,
होबार्टमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो, गवताचा प्रश्न नाही,
आणि अजून त्या वर्षाला दुष्काळाचं वर्ष म्हणतो.

डेस्मंड बराच वेळ दोरीचं रीळ फिरवत राहतो.
मग बॅटरीचा घेतो, मधल्या किमतीचा. दोन बॅटऱ्या.
"एक संपली की बसेन थोडा," म्हणतो.
दारात थांबतो.
"झाडांभोवती मग काय करायचं?"

हातानं, मी म्हणते. किंवा राहू द्यायचं.

पावती न बघताच तो खिशात कोंबतो.
"त्या बादल्या," म्हणतो, "जड होत्या गं,"
आणि जाताना मात्र
पायपुसण्यावर बूट घासून घासून पुसतो.

अकरातले दहा उरले.
मी त्यांना जरा जरा सरकवते,
मधली जागा दिसू नये म्हणून.